हिरवागार टॅबेबुया, पण फुलांचा पत्ता नाही

पत्र: सहा वर्षांपूर्वी मी अंगणात दोन टॅबेबुया लावले, एक गुलाबी फुलांचा आणि एक पिवळ्या फुलांचा. आमच्याकडे हवा उष्ण असते, पावसाळ्यानंतर चार-पाच महिने कोरडे जातात आणि थंडी बेताचीच पडते. गुलाबी झाड आता दोन मजल्यांएवढे झाले आहे आणि बारमाही हिरवेगार असते. त्याच्याभोवती हिरवळ आहे, तिला दिवसाआड पाणी आणि दर दोन महिन्यांनी खत देतो. थंडीच्या सुरुवातीला झाडाची छाटणीही करतो. तरीही गेल्या वर्षी त्यावर फुलांचे चारच झुपके आले. रस्त्याच्या कडेची हीच झाडे, ज्यांना कोणी पाणी घालत नाही, ती मात्र पाने झाडून फुलांनी भरून जातात. शेजारी सांगतात की बुंध्यात खिळे ठोका. घरचे म्हणतात की झाड काढून लाकूड वापरावे. पिवळे झाड फुलते, परंतु ते एका बाजूला कलले आहे. मी काय करावे? आणि शेंगांतल्या बियांपासून रोपे करता येतील का? आणखी एका झाडाला जागा आहे, तिथे कोणता प्रकार लावावा?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

रस्त्याकडेच्या झाडांना कोणी पाणी घालत नाही आणि तरीही ती फुलतात, ही तक्रार आपण सहज करून गेला आहात. माझ्या मते आपल्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या तक्रारीतच आहे. आपण केलेल्या वर्णनावरून झाडाला काही रोग झाला आहे असे वाटत नाही. त्याला वर्षभर इतके नियमित पाणी आणि खत मिळत आहे की पाने गाळून विश्रांती घेण्याचे कारणच त्याला उरलेले नाही, आणि त्या विश्रांतीशिवाय हा वृक्ष भरभरून फुलत नाही. राहिलेले नुकसान छाटणीच्या वेळेने केले आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

टॅबेबुया आणि त्याचे जवळचे भाऊबंद मूळचे अमेरिका खंडातले, मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या उष्ण प्रदेशातले. त्यांपैकी बागेत लावले जाणारे बरेचसे प्रकार अशा रानांत वाढले आहेत की जिथे काही महिने धो धो पाऊस पडतो आणि त्यानंतर काही महिने थेंबही पडत नाही. अशा रानात हा वृक्ष फुलण्यापूर्वी नेमके काय काय घडते, याचा अभ्यास पीटर राइक आणि रॉल्फ बोर्शर्ट यांनी कोस्टारिकातल्या पिवळ्या फुलांच्या एका जातीवर केला आणि तो १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीतला ओलावा कमी पडू लागला की झाड पाने गाळते. पाने गेली की त्यांच्यावाटे हवेत उडून जाणारे पाणी थांबते. मुळे जे थोडेफार पाणी ओढत राहतात ते मग फांद्यांत साचू लागते, आणि पावसाळ्याच्या अखेरीस तयार होऊन शेंड्यांवर निद्रिस्त राहिलेल्या कळ्या त्या पाण्यावर फुगतात. कोरड्या काळात मध्येच एखादी चांगली सर पडली, तर हे सारे फार झपाट्याने होते, आणि त्या परिसरातली झाडे एकदमच फुलून येतात. या साखळीतला पहिला दुवा ओलावा कमी होण्याचा आहे, आणि दिवसाआड चालणारे आपले तुषार तो दुवा जुळूच देत नाहीत.

गुलाबी टॅबेबुया पिवळ्या जातींइतका काटेकोर नाही, हेही सांगायला हवे. तो बऱ्याचदा अर्धी पाने अंगावर ठेवूनच फुलतो, आणि सिंगापूरसारख्या, वर्षभर पाऊस पडणाऱ्या ठिकाणीही फुलतो. पण तिथेही त्याचा मोठा बहर काही आठवड्यांच्या कोरड्या काळानंतर जोराचा पाऊस झाला की येतो. म्हणजे कोरडा काळ लहान असला तरी चालेल, पण तो असावा लागतो.

आपल्या बागेत हे कसे घडवून आणायचे, ते आता पाहू. डाळिंब आणि संत्र्याचे बागायतदार बहार धरण्यासाठी झाडांना पाण्याचा ताण देतात आणि योग्य वेळी तो तोडतात. आपल्याला तेच करायचे आहे, फक्त अधिक सौम्यपणे. पाऊस थांबला आणि रात्री गार होऊ लागल्या की पाणी एकदम बंद न करता आधी दोन पाळ्यांमधले अंतर आठवड्यावर, मग पंधरवड्यावर न्यावे आणि साधारण महिनाभरात पूर्ण थांबवावे. त्यानंतर पाने निस्तेज होतील, पिवळी पडतील आणि गळू लागतील. पहिल्या वर्षी हे पाहताना आपला हात पाण्याच्या नळाकडे जाईल, कारण सहा वर्षे हिरवे राहिलेले झाड उघडे पडताना पाहवत नाही. तेवढे मात्र आवरावे. पानगळीनंतर फांद्यांच्या टोकांशी लव असलेल्या कळ्यांचे गुच्छ दिसू लागतात. ते स्पष्ट फुगलेले दिसले की एकदाच, पण जमीन दीड-दोन फूट खोल भिजेल असे भरपूर पाणी दिल्यास फुले एकदम उमलण्यास मदत होते. कळ्या दिसण्यापूर्वी मात्र असे पाणी देऊ नये. त्याने फुलांऐवजी नवी पालवी फुटण्याचीच शक्यता अधिक असते.

ताण किती द्यायचा हे जमिनीवर अवलंबून आहे. काळी, चिकण जमीन ओलावा फार काळ धरून ठेवते, म्हणून तिच्यात पाणी लवकर थांबवावे लागते. वाळूसर किंवा खडकावरच्या उथळ जमिनीत झाड काही आठवड्यांतच खऱ्या अडचणीत येऊ शकते. पाने गळणे ही काळजीची गोष्ट नाही. बारीक फांद्या टोकाकडून वाळून चटकन मोडू लागणे ही मात्र आहे. शंका आल्यास पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी; आत हिरवे आणि ओलसर दिसले तर झाड केवळ विश्रांती घेत आहे, तपकिरी आणि कोरडे दिसले तर त्याला लगेच पाणी द्यावे. लावणीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे यांपैकी काहीच करू नये. त्या वयात मुळे खोल आणि दूर जाणे फुलांपेक्षा महत्त्वाचे असते, आणि कोरड्या महिन्यांतही रोपाला आठवड्याला एकदा खोल पाणी लागते. आपले झाड सहा वर्षांचे आणि दणकट आहे, त्यामुळे त्याला ताण देण्यास हरकत नाही.

खरी अडचण हिरवळीची आहे. गवताला थोडे थोडे आणि वारंवार पाणी लागते, या वृक्षाला भरपूर आणि क्वचित. एकाच जमिनीत दोघांचेही मनासारखे होणे कठीण. फांद्यांचा घेर जमिनीवर जिथपर्यंत सावली टाकतो तिथपर्यंतचे गवत काढून तिथे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि तुषारांची तोंडे दुसरीकडे वळवावीत, ही पहिली पायरी. आच्छादन बुंध्याला टेकू देऊ नये आणि कोरड्या महिन्यांत ते पातळ करावे. एवढ्याने पूर्ण उपाय होणार नाही, कारण सहा वर्षांच्या झाडाची मुळे त्याच्या घेराच्या बरीच पुढे गेलेली असतात आणि पलीकडच्या गवताखालचे पाणी ती पितच राहतील. म्हणून माझा कौल असा आहे की कोरड्या काळातले ते दोन-अडीच महिने हिरवळ पिवळी पडू द्यावी. पाणी मिळाले की गवत बहुधा पुन्हा फुटते. ते मान्य नसेल तर गुलाबी झाडावर तुरळक फुले येतील हे मान्य करावे लागेल. या दोहोंमधला सोयीचा मार्ग मला तरी दिसत नाही.

खताबद्दल थोडक्यात सांगता येईल. हिरवळीच्या खतात नत्र भरपूर असते, ते गवताबरोबर झाडालाही मिळते, आणि नत्राचे काम पाने व लांब कोवळी फूट वाढवणे हे आहे. निदान एक वर्ष या भागात काहीही खत घालू नये. त्यानंतर पावसाच्या सुरुवातीला चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट घेराखाली पसरले, तर वर्षभरासाठी तेवढे पुरते. फुलांसाठी म्हणून विकली जाणारी, स्फुरद जास्त असलेली खते आणून भरपाई करण्याचा मोह होईल, तो टाळावा. जमिनीत स्फुरद गरजेपेक्षा जास्त झाले की झाडाला लोह आणि जस्त घेणे अवघड होते, नवी पाने शिरा हिरव्या राहून मधल्या भागात पिवळी पडतात, आणि मग त्यासाठी आणखी एक औषध शोधण्याची वेळ येते. चुनखडीच्या जमिनीत हा पिवळेपणा खताशिवायही दिसतो. तशी शंका असल्यास अंदाजाने काही घालण्याआधी माती तपासून घ्यावी.

आता छाटणी. टॅबेबुयाच्या कळ्या गेल्या हंगामात वाढलेल्या फुटीच्या टोकांशी असतात आणि थंडी सुरू होईपर्यंत बहुतेक तिथे ठरून गेलेल्या असतात, जरी त्या डोळ्यांना दिसत नसल्या तरी. त्या वेळी शेंडे छाटणे म्हणजे येणाऱ्या वर्षाची फुले कापून टाकणे होय. गेल्या वर्षी जे चार झुपके आले, ते बहुधा आपल्या कात्रीच्या आवाक्याबाहेरचे असावेत. छाटणी करायचीच असेल तर ती फुले गळून नवी पालवी फुटण्याच्या सुमारास करावी, म्हणजे नव्या फुटीला पुढच्या कळ्या धरण्यासाठी अख्खा पावसाळा मिळतो. आणि ती शेंडे खुडून गोल आकार देण्यासाठी नसावी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या त्यांच्या उगमाशी काढाव्यात, बाकीच्यांना हात लावू नये. या वृक्षाला कुंपणाच्या झुडपासारखी वरून कात्री लावली की प्रत्येक कापाखाली चार-पाच दुबळ्या फुटी येतात, त्या सगळ्या वर धावतात आणि घेर आतून पोकळ राहतो.

एक काम मात्र लहान वयातच करायचे असते आणि आपल्या झाडावर ते अजून शक्य असावे. खोड जिथे दोन सारख्या जाडीच्या फांद्यांत विभागले जाते आणि त्यांच्यामधला कोन अरुंद असतो, तिथे साल आत दबून जोड कच्चा राहतो आणि झाड मोठे झाल्यावर वाऱ्यात नेमके तिथेच फाटते. असे बेचके दिसल्यास त्यांतली एक फांदी मुख्य मानून दुसरी दरवर्षी थोडी थोडी मागे घ्यावी, म्हणजे दोन-तीन वर्षांत ती तिच्या अधीन होते.

खिळ्यांविषयी आपण विचारले आहे. जखमी झालेले झाड कधीकधी घाबरून फुलते हे खरे आहे, आणि त्यामुळेच हा उपाय टिकून आहे. पण खिळ्याची, मिठाची किंवा बुंध्याभोवती साल काढण्याची किंमत झाडाला नंतर द्यावी लागते: जखमेतून बुरशी शिरते, आतले लाकूड कुजते, आणि साल पूर्ण वर्तुळात निघाली तर मुळांकडे जाणारे अन्नच तुटते. पाणी थांबवून जे फुकट आणि निर्धोक होते त्यासाठी खोडाला भोके पाडू नयेत.

यानंतर आपली अपेक्षा किती असावी, तेही स्पष्ट केलेले बरे. पुढच्या बहरासाठीच्या कळ्या या पावसाळ्यात झालेल्या वाढीवर ठरत असल्यामुळे, पाणी, खत आणि छाटणी या तिन्ही गोष्टी सुधारल्या तरी पहिल्या वर्षी फरक थोडाच दिसेल आणि दुसऱ्या वर्षी खरा अंदाज येईल. शिवाय काही वर्षी अवेळी पाऊस होतो आणि सगळ्याच झाडांचा बहर फसतो. टॅबेबुया ज्या बिग्नोनिएसी कुळात मोडतो, त्याचे मोठे अभ्यासक ॲल्विन जेन्ट्री यांनी १९७४ मध्ये या कुळातल्या वनस्पतींच्या फुलण्याच्या पद्धतींची वर्गवारी केली, तेव्हा पिवळ्या जातींसारख्या, वर्षातून एकदाच आणि अवघे काही दिवस एकदम फुलून मोकळ्या होणाऱ्या झाडांना त्यांनी एका स्फोटाची उपमा दिली होती. गुलाबी टॅबेबुया त्याहून जरा जास्त दिवस फुलतो. पण महिनोन्‌महिने फुले देणारे झाड हवे असेल तर हा वृक्ष त्यासाठी नाही.

सहा वर्षांत न फुलणे हे वयामुळेही असू शकते का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. बियांपासून वाढवलेला गुलाबी टॅबेबुया फुलायला चार ते आठ वर्षे घेऊ शकतो, आणि एकाच शेंगेतली रोपेही यात एकमेकांपेक्षा वेगळी निघतात. आपल्या झाडावर चार झुपके आले, याचा अर्थ ते वयात आलेले आहे, म्हणून वयाला मी दोष देत नाही. मात्र ते नेमके कोणत्या जातीचे आहे हे पाहून घ्यावे, कारण रोपवाटिकांत गुलाबी टॅबेबुया या एकाच नावाखाली निदान दोन वृक्ष विकले जातात. एक टॅबेबुया रोझिया, म्हणजे एल साल्वादोरचा राष्ट्रीय वृक्ष. तो सरळ आणि उंच वाढतो, पंधरा-वीस मीटरपर्यंत सहज जातो आणि ओलसर हवाही चालवून घेतो. दुसरा हॅन्ड्रोॲन्थस इम्पेटिजिनोसस; याची फुले अधिक गडद, जांभळ्याकडे झुकणारी असतात, तो पूर्ण उघडा होऊन फुलतो, आणि ताण नीट मिळाला नाही तर पहिल्यापेक्षाही जास्त रुसतो. थंडी सोसण्यात मात्र तोच पुढे आहे. मोठे झालेले झाड शून्याखाली तीन-चार अंशांचा थोडा वेळचा गारठाही निभावून नेते, तर रोझियाला शून्याखालचा गारठा सोसत नाही.

या नावांचा गोंधळ आपला एकट्याचा नाही. पूर्वी हे सगळे वृक्ष टॅबेबुया या एकाच प्रजातीत घातलेले होते. २००७ मध्ये सुसान ग्रोस आणि रिचर्ड ओल्मस्टेड यांनी जनुकीय पुराव्यांच्या आधारे त्यांचे टॅबेबुया, हॅन्ड्रोॲन्थस आणि रोझिओडेन्ड्रॉन असे तीन भाग केले. बागेत याचा उपयोग असा की अतिशय कठीण लाकडाच्या आणि बहुतेक पिवळ्या फुलांच्या जाती हॅन्ड्रोॲन्थसमध्ये गेल्या, आणि तुलनेने मऊ लाकडाच्या टॅबेबुयात राहिल्या.

घरच्यांच्या लाकडाच्या प्रस्तावाचे उत्तरही यातच आहे. बाहेरच्या फरशीसाठी जगभर प्रसिद्ध असलेले, पाण्यात बुडण्याइतके जड इपे नावाचे लाकूड हॅन्ड्रोॲन्थसच्या रानातल्या जुन्या वृक्षांचे असते. त्याची तोड इतकी झाली की या तिन्ही प्रजातींच्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटिस, म्हणजे धोक्यात आलेल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आणला गेला आणि तो नियम नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला. अंगणातल्या सहा वर्षांच्या झाडात त्या प्रतीचे लाकूड तयारच झालेले नसते. तोडून हाती सरपण येईल, तेव्हा हा विचार सोडून द्यावा.

पिवळ्या झाडाबद्दल मला जास्त काळजी वाटते. ते फुलते आणि कललेले आहे, यावरून ते टॅबेबुया ऑरिया असावे असा माझा अंदाज आहे. खात्री करण्यासाठी पान पाहावे: या जातीची पाने राखाडी-रुपेरी, चिवट आणि लांबट असतात, आणि जुन्या खोडाची साल जाड, बुचासारखी, भेगाळलेली असते. पाने हिरवी असून त्यांच्या मागच्या बाजूला, देठांवर आणि शेंगांवर तांबूस-सोनेरी लव असेल, तर तो हॅन्ड्रोॲन्थस क्रायसोट्रायकस आहे आणि तो सहसा इतका कलत नाही. पाने पंज्यासारखी नसून एका दांड्यावर दोन्ही बाजूंना दातेरी पर्णिका असतील, तर ते या गटातले झाडच नव्हे, ती टेकोमा स्टॅन्स आहे. ती बियांनी फार पसरते आणि अनेक देशांत उपद्रवी ठरली आहे.

टॅबेबुया ऑरियाची खोडे मुळातच वाकडीतिकडी वाढतात, आणि केवळ तेवढेच असेल तर ते त्याचे रूप आहे असे समजून सोडून द्यावे. प्रश्न मुळांचा आहे. या झाडाची पकड उथळ आणि लाकूड ठिसूळ असल्यामुळे वादळी प्रदेशांत ते मुळांसकट उलथण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्यात रोप लावताना कुंडीत गोल फिरलेली मुळे सोडवली नसतील, तर ती तशीच गोल जाड होत जातात आणि झाड जमिनीत नुसते उभे केल्यासारखे राहते. बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करून पाहावे. खोड जमिनीत शिरण्यापूर्वी रुंद होऊन चोहीकडे मुळे जाताना दिसली, तर ठीक. खोड खांबासारखे सरळ खाली गेले असेल, किंवा एखादे मूळ त्याला वेढा घालून बसले असेल, तर पकड कच्ची आहे. कलण्याच्या विरुद्ध बाजूला माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसली, अथवा कल या वर्षीच वाढला असे लक्षात आले, तर झाडे जाणणाऱ्या माणसाला लगेच दाखवावे, आणि खाली घर, वाट किंवा मुलांची खेळण्याची जागा असेल तर ते काढण्याची मनाची तयारी ठेवावी. तसे काही नसल्यास कललेल्या बाजूच्या लांब फांद्या फुलांनंतर थोड्या मागे घेऊन वजन कमी करावे. सहा वर्षांचे खोड दोर लावून सरळ होत नाही. उलट दोर सालीत रुततो. याच झाडाची कोवळी पाने गुंडाळलेली आणि गाठाळलेली दिसली तर ते फुलकिड्यांचे काम असू शकते. ती पाने दिसायला वाईट दिसतात, पण त्यापायी मोठे झाड सहसा मरत नाही, आणि त्यावर औषधे फवारत बसण्याचे कारण मला दिसत नाही.

नव्या जागेसाठी मी लव असलेल्या सोनेरी क्रायसोट्रायकसची शिफारस करीन. तो पाच ते दहा मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही, लहान वयात, कधी तिसऱ्या-चौथ्या वर्षीच फुलतो, आणि अंगणाच्या मापाचा आहे. त्याचा दोष असा की लहानपणी तो फांद्या वेड्यावाकड्या टाकतो, म्हणून पहिली तीन-चार वर्षे मुख्य शेंडा सांभाळावा लागतो. पूर्ण ऊन आणि पाण्याचा निचरा या दोन गोष्टींवर तडजोड करू नये. सावलीत ही झाडे एका बाजूला ओढली जातात आणि फुले कमी देतात, आणि मुळांशी पाणी साचून राहिले तर ती कुजतात. भिंतीपासून निदान पाच-सहा मीटर अंतर ठेवावे. रोझिया लावायचा झाल्यास त्याच्या दीडपट. रोप कुंडीत होते त्यापेक्षा खोल लावू नये, आणि कुंडीतली गोल फिरलेली मुळे लावताना मोकळी करावीत किंवा कापून टाकावीत. आपल्या पिवळ्या झाडाकडे पाहिल्यावर हे का सांगतो ते लक्षात येईल. हा कोपरा हिरवळीच्या तुषारांपासून दूर असेल तर फारच उत्तम.

आता बियांचे. रोपे अवश्य होतात आणि ती करणे अवघडही नाही, फक्त वेळ चुकवून चालत नाही. फुलांनंतर दोन-तीन महिन्यांत लांब शेंगा तयार होतात. त्या तपकिरी होऊन शिवणीवर उलू लागल्या की लगेच काढाव्यात, कारण एकदा उघडल्या की दोन बाजूंना पातळ पडद्यासारखे पंख असलेल्या बिया पहिल्या वाऱ्याबरोबर निघून जातात. साध्या हवेत ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच घटू लागते, म्हणून त्या ताज्याच पेराव्यात. ठेवणे भाग असेल तर सावलीत नीट सुकवून घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये ठेवाव्यात. निचऱ्याच्या भुसभुशीत मातीत बी आडवे ठेवून वर अगदी पातळ, जेमतेम झाकेल एवढा थर द्यावा आणि माती ओलसर, पण चिंब नव्हे, अशी राखावी. ऊबदार हवेत एक ते तीन आठवड्यांत बी उगवते. मातीत दाबून खोल पेरलेले बी बहुधा कुजते.

यात एक अडचण येऊ शकते. या गटातल्या बऱ्याच जातींना स्वतःच्याच परागांनी बी धरत नाही. मोठ्या मधमाश्यांनी आणि भुंग्यांनी दुसऱ्या झाडावरून पराग आणावे लागतात. आपल्या पिवळ्या झाडाला शेंगा धरत नसतील, तर त्याच जातीचे दुसरे झाड जवळपास नाही एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. तशा वेळी रस्त्याकडेच्या त्या भरभरून फुलणाऱ्या झाडांखाली शेंगांच्या दिवसांत फेरी मारावी. बियांची रोपे फुलांचा रंग आणि फुलण्याचे वय या दोन्हींत मूळ झाडापेक्षा थोडी वेगळी निघू शकतात. अमुक एका झाडासारखेच हवे असेल तर त्याच्या फांदीवर पावसाळ्यात गुटी कलम बांधून पाहावे, कारण जून फांदीवरचे असे कलम बियांच्या रोपापेक्षा बरेच लवकर फुलते. साध्या छाटकलमांना मुळे फुटण्याची फार आशा धरू नये.